तीन टिंबं आणि एक कंस

शुक्रवारी रात्री मला दोनच अक्षरं टाइप करायची होती. एक अधिकचं चिन्ह आणि त्यापुढे एकचा आकडा. एका अहवालात जानेवारीच्या जागी शून्य छापून येत होतं, कारण जावास्क्रिप्ट महिने शून्यापासून मोजते आणि तारखा एकापासून. (असं का, ते विचारू नका. मी विचारून दमलोय.) चूक कळली होती, कोणत्या ओळीत आहे तेही कळलं होतं. "एवढं करतो आणि झोपतो," असं मी घरात जाहीरही करून टाकलं होतं.

माझ्या कामांची यादी ईमॅक्स नावाच्या मजकूर-संपादकातल्या ऑर्ग मोडमध्ये, म्हणजे त्यातल्या याद्या-टिपणांच्या सोयीत असते. त्यात ओळीच्या सुरुवातीला एक तारा दिला की मोठं शीर्षक होतं, दोन दिले की त्याच्या पोटातलं, तीन दिले की पोटातल्याच्या पोटातलं. शीर्षकावर टॅब दाबला की खालचं सगळं गडप होतं, परत दाबला की बाहेर येतं. २००३ साली हे लिहिलं कार्स्टन डोमिनिक यांनी, आणि ते पेशाने खगोलशास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या खुणा ईमॅक्सात त्याआधीपासून होत्या म्हणा, पण त्या उचलल्या कोणी तर नेमक्या तारेवाल्या माणसाने!

मिटलेल्या शीर्षकापुढे तीन टिंबं येतात, खाली काहीतरी आहे हे कळावं म्हणून. वर्षानुवर्षं ती माझ्यासमोर होती. त्या रात्री पहिल्यांदा खुपली. 'अहवालातला महिना दुरुस्त करणे...' हे वाचताना कोणीतरी सुस्कारा टाकून बोलणं अर्धवट सोडलंय असं वाटायला लागलं. त्यात मागे कोणाच्या तरी स्क्रीनवर टिंबांच्या जागी खाली तोंड केलेला इवलासा बाण पाहिलेला. नेटका, आत्मविश्वासू बाण. असा बाण ज्याच्या यादीत आहे त्याची कामं वेळेवर होत असणार, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

एका ओळीचं तर काम. कंस उघडायचा, सेटक्यू ही बदलाची आज्ञा लिहायची, ऑर्ग-एलिप्सिस हे टिंबांच्या सेटिंगचं नाव लिहायचं, अवतरणचिन्हांत बाण ठेवायचा, कंस मिटवायचा. ओळीच्या शेवटी कर्सर नेऊन, ती चालवायला कंट्रोल-एक्स, कंट्रोल-ई दाबलं. स्क्रीनच्या तळाशी ईमॅक्सने तो बाण मला दाखवलासुद्धा. म्हणजे आज्ञा पोहोचली होती. वर पाहिलं, तर टिंबं जागच्या जागी.

इथे थांबून त्या सेटिंगची माहिती वाचली असती, तर हा लेख झालाच नसता. पण माहिती वाचणं हा प्रोग्रामरचा शेवटचा उपाय असतो. त्याआधी करून बघण्यासारखं बरंच असतं. मी बाणामागची मोकळी जागा काढली, परत घातली. सेटक्यूचं सेटक्यू-डिफॉल्ट केलं. मग वाटलं, ऑर्ग लोड व्हायच्या आधीच ही ओळ चालत असेल. म्हणून ती विथ-इव्हॅल-आफ्टर-लोड नावाच्या आवरणात गुंडाळली, फाइल सेव्ह केली आणि ईमॅक्स बंद करून पुन्हा चालू केला.

पडदा काळा झाला, तो माझ्या आवडीचाच काळा. पण अक्षरं मुंगीएवढी. यादी उघडायची माझी खास कळ दाबली, तर टुक् असा आवाज. खाली इशारा होता, त्याचं मराठी साधारण असं: वाचता वाचता फाइल संपली.

या वाक्याचा अर्थ, कुठेतरी एक कंस उघडा राहिलाय. कुठे, ते सांगायची पद्धत नाही. ईमॅक्सच्या सेटिंग्ज लिस्प भाषेत लिहायच्या असतात. १९५८ साली जॉन मॅकार्थींनी हात घातलेल्या या भाषेत कंसांशिवाय पान हलत नाही. एकेका ओळीच्या शेवटी पाच-पाच मिटते कंस रांगेत उभे असतात, त्यातला एक रजेवर असला तर साध्या डोळ्यांना कळत नाही. आणि माझी सेटिंग्जची फाइल ६१२ ओळींची. त्यातल्या निदान २०० ओळी कशासाठी आहेत ते लिहिताना मला माहीत होतं. आता फक्त त्यांना माहीत असावं.

आधी ईमॅक्स वजा-क्यू देऊन चालू केला. म्हणजे माझ्या सेटिंग्जना हात न लावता. तो पांढराफटक, जन्मला तेव्हासारखा उघडला आणि बिनतक्रार चालला. निदान झालं: ईमॅक्स धडधाकट आहे, रोग मी आहे.

मग शास्त्रशुद्ध मार्ग. अर्धी फाइल बाजूला काढायची. चूक राहिली तर उरलेल्या अर्ध्यात, गेली तर काढलेल्या अर्ध्यात. पुन्हा त्याचं अर्धं. १० वेळा अर्धं केलं की १०२४ ओळींतूनसुद्धा एक ओळ हाती लागते, माझ्या तर ६१२च होत्या. मी ३०६व्या ओळीवर सुरी फिरवली. ईमॅक्स म्हणाला, वाचता वाचता फाइल संपली. म्हणजे चूक वरच्या भागात! वरचा भाग १५३व्या ओळीवर कापला. पुन्हा तेच. मोठ्या उमेदीने ७६व्यावर आलो. पुन्हा तेच. अशा रीतीने चूक सरकत सरकत पहिल्या नऊ ओळींत पोहोचली, आणि त्यात आठ ओळी नुसत्या टिपा होत्या.

तेव्हा उजेड पडला. मी दर वेळी एखाद्या कंसाच्या पोटातूनच सुरी फिरवत होतो. उघडता कंस वर राहत होता, मिटता कंस खाली जात होता. जी चूक शोधत होतो, ती दर फेरीला मी ताजी-ताजी तयार करत होतो.

या सगळ्यात दीड तास गेला होता. इथे मला डग्लस एंगलबार्ट आठवले, आणि नको त्या वेळी आठवले. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत या माणसाने ९० मिनिटांत माउस दाखवला, दुवे दाखवले, दूर बसलेल्या सहकाऱ्याशी पडद्यावरून बोलून दाखवलं, आणि बाजारहाटाची यादी घेऊन ती गटांत लावून, मिटून-उलगडून दाखवली. तेवढ्याच ९० मिनिटांत मी तीन टिंबं तीन टिंबंच ठेवली होती.

शेवटी मित्राला फोन केला. तो २० वर्षं ईमॅक्समध्येच राहतो, अधूनमधून जेवायला बाहेर येतो.

"दिवाळं काढ," तो म्हणाला. सेटिंग्जची जुनी फाइल फेकून कोऱ्या पानापासून सुरुवात करणं, याला आमच्यात दिवाळं काढणं म्हणतात.

"बाणासाठी?"

"लोक त्याहून कमीसाठी काढतात. बरं, काळा रंग आला ना? आणि फॉन्ट नाही आला?"

"नाही."

"अरे गाढवा, ईमॅक्स फाइल वरून एकेक कंस पुरा करत वाचत येतो. जे लागू झालं ते चुकीच्या वर, जे झालं नाही ते खाली. मुंगीएवढ्या अक्षरांत तो तुला उत्तरच सांगत होता. चेक-पॅरेन्स मार, जोडी नसलेला कंस तीच आज्ञा शोधून देते."

मारलं. कर्सर क्षणात जाऊन उभा राहिला, अर्थातच मी नुकत्याच घातलेल्या आवरणाच्या दारात. आवरण उघडताना कंस दिला होता, मिटताना विसरलो होतो. एक कंस टाकला, ईमॅक्स पुन्हा चालू केला. अक्षरं मोठी झाली, कळा चालू झाल्या, आणि शीर्षकापुढे टिंबांच्या जागी एक रिकामा चौकोन आला. माझ्या फॉन्टांत तो बाणच नव्हता. मग चार-पाच बाण लावून पाहिले, एक सापडला.

आता, सगळं झाल्यावर, मी त्या सेटिंगची माहिती वाचली. लिहिलं होतं की हा बदल उघड्या फाइलमध्ये दिसायला हवा असेल तर ऑर्ग मोड त्या फाइलवर पुन्हा चालवावा. म्हणजे माझी पहिली ओळ बरोबर होती. मी दोन तास एका बरोबर ओळीची दुरुस्ती करत होतो.

"झालं का काम?" बायकोने आतून विचारलं.

"हे बघ ना," मी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला.

तिने डोळे बारीक करून पाहिलं. "कुठे काय?"

"टिंबं गेली. बाण आला."

"आणि महिना?"

मी शीर्षकावर टॅब दाबला. खालचा मजकूर उलगडला: फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक, अधिक एक. आणि बाण नाहीसा झाला. बरोबरच होतं. शीर्षक मिटलेलं असेल तरच तो दिसणार. काम उघडलं की बाण नाही.

मी थोडा वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत बसलो. मग पुन्हा टॅब दाबला. काम मिटलं, बाण आला. छानच दिसत होता.