जखम दुखत नाही म्हणून भरली असं नाही

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर एक मेसेज फिरतोय: ‘दुखणं शरीरात नसतं, मेंदूत असतं. युद्धात सैनिकाला गोळी लागली तरी दुखत नाही. मन खंबीर ठेवा, औषधं फेका, जखम आपोआप भरते.’ यातलं थोडं खरं आहे, म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते.

दुखणं मेंदूत घडतं, हे बरोबर. कापूस वेचणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. वाळल्या बोंडांची टोकं दिवसभर बोटं ओरबाडतात, पण वावरात सगळं लक्ष किलोवर असतं. संध्याकाळी भाजीत तिखट घालताना तीच बोटं झोंबायला लागतात. नसांकडून आलेली खबर वाढवायची की दाबायची, हे मेंदू आणि मज्जारज्जू ठरवतात. पण मेंदूत घडतं म्हणून ते खोटं कसं? दिसणंही मेंदूतच घडतं, त्यानं समोरचा बैल खोटा होत नाही. कंबर धरून बसलेल्या सुनेला ‘तुझ्या मनाचं आहे’ म्हणणाऱ्यांच्या हाती असला मेसेज देऊ नका.

सैनिकांची गोष्ट खरी आहे. बीचर या अमेरिकी डॉक्टरनं दुसऱ्या महायुद्धातली ती नोंद १९४६ साली छापली. जबर जखमी झालेले बरेच जण वेदनेचं औषध नको म्हणत होते. तरी त्यांच्या जखमांवर उपचार करावेच लागले.

औषधं फेकायची? विश्वासानं आराम पडतो, हे मान्य. पण २०११ साली दम्याच्या रुग्णांवर झालेला अभ्यास बघा. औषध नसलेल्या पंपानंही त्यांना खऱ्या पंपाइतकंच बरं वाटलं. फुंकर मोजली तेव्हा मात्र श्वासनळ्या खऱ्या औषधानंच नीट मोकळ्या झालेल्या दिसल्या.

जखमेचंही तसंच. अमेरिकेत १९९५ सालच्या एका अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करून थकलेल्या बायकांच्या हातावर मुद्दाम केलेली ३.५ मिलिमीटरची जखम भरायला इतर बायकांपेक्षा सरासरी ९ दिवस जास्त लागले. म्हणजे ताण जखमेला मागे ओढतो. पण रक्तातली साखर आणि जखमेतले जंतू मन खंबीर केल्यानं हटत नाहीत.

आणि न दुखणं किती घातक असतं, ते आपल्या विदर्भाला कुणी शिकवायला नको. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटेंनी ज्यांना जवळ केलं, त्या कुष्ठरुग्णांच्या नसा बधिर होतात. चटका कळत नाही, काटा कळत नाही, आणि जखमा चिघळत जाऊन बोटं जातात.

शेजारच्या काकाजींना साखर आहे, आणि साखरेनंही पायाच्या नसा बधिर होऊ शकतात. तुरीचं धसकट त्यांच्या टाचेत घुसलं. ‘दुखत तं नाही, मंग दवाखान्यात कायले जाऊ?’ म्हणत त्यांनी मलाच तो मेसेज दाखवला. मी चप्पल काढायला लावली. रुपयाएवढं भोक, आत पू. कापसानं दाबून पुसलं तरी त्यांनी पाय आखडला नाही, कापसाच्या भावाबद्दलच बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं त्यांना तालुक्याला नेलं.

ज्यांना साखर आहे त्यांनी रोज रात्री तळपाय आरशात बघावेत. दिसत नसेल तर नातवाला बघायला सांगावं.