रक्तातल्या प्रथिनांवरची साखर: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

‘साखर खाल्ली की ती रक्तातल्या प्रथिनांना चिकटते आणि रोगप्रतिकारक पेशी त्यांना शत्रू समजून हल्ला करतात’ असा मेसेज सध्या फिरतोय. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

रक्तातलं ग्लुकोज प्रथिनांना आपोआप चिकटतं, हे खरं. मधुमेहाची एचबीए१सी चाचणी तेच मोजते. पण सिग्लेकसारखे रिसेप्टर (रोगप्रतिकारक पेशींवरची, खुणा ओळखणारी प्रथिनं) ज्या शर्करासाखळ्या ओळखतात त्या निराळ्या. प्रथिन तयार होतानाच, पेशीच्या आत, एन्झाइम्स त्या बसवतात. बऱ्याच साखळ्यांच्या टोकाला सियालिक आम्ल ही एक प्रकारची शर्करा असते. ती दिसली की बहुतेक सिग्लेक रोगप्रतिकारक पेशीला उलट आवरतात.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅशवेल आणि मोरेल या शास्त्रज्ञांनी सेरुलोप्लाझ्मिन या रक्तातल्या प्रथिनावरचं सियालिक आम्ल काढून ते सशांना टोचलं. काही मिनिटांत ते रक्तातून गायब! खाली उघडं पडलेलं गॅलॅक्टोज (साखळीतली पुढची शर्करा) यकृतातल्या रिसेप्टरने हेरलं होतं. (याला हल्ला म्हणणं ओढूनताणूनच.)

मधुमेहात साखर आटोक्यात ठेवायची ती ठेवाच, पण त्याची कारणं वेगळी आहेत. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.