"दिवाळीत बोट अडकवून ठेवली" या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. पाहुण्यांना स्वतःच्या बोटीतून न नेता रो-रोने मांडव्याला न्यावं लागलं त्याबद्दल सॉरी, तुमचा हिरमोड झाला हे कळतंय. पण दोन स्टार देऊन तुम्ही जे लिहिलंय की "बोट पाण्यात टाकून झाली तरी चार दिवस अडकवली, इंजिनचे नट फिरवायला चार दिवस लागतात का, माणसं दिवाळीच्या सुट्टीवर आणि लेबर आमच्याकडून, वर ग्लँड (इंजिनचा दांडा बोटीबाहेर जातो तिथलं पाणी अडवणारं सील) अजून गळतोच", ते फार लागलं. नवी मुंबईत शिडाच्या बोटींचं काम करणारे मोजकेच आणि बोटवाले सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे असा एक रिव्ह्यू आख्खा सीझन आमच्या मागे फिरतो.

आता चार दिवसांचं सांगतो. तुमच्या यानमार इंजिनाखालचे चारही रबर माउंट फाटलेले, ते नवीन टाकले, म्हणजे इंजिन आणि शाफ्टची (पंखा फिरवणाऱ्या दांड्याची) लाइन पहिल्यापासून जुळवणं आलंच. ही लाइन यार्डात जुळवून चालत नाही. टेकूंवर उभी बोट सगळं वजन किलवर (बुडाखालच्या कण्यावर) घेते, पाण्यात गेली की तेच वजन आख्ख्या बुडावर पसरतं आणि जुन्या फायबरच्या बोटीचा आकार थोडा का होईना बदलतो. टेकूवरची लाइन म्हणजे बसलेल्या माणसाच्या पॅन्टचं माप, उभा राहिला की चुकतं. यार्डात आम्ही कामचलाऊ जुळवून दिलीच होती, पण शेवटची लाइन बोट एक-दोन दिवस तरंगल्यावरच, हे कुठल्याही बोटीच्या मेकॅनिकला विचारा. इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन फ्लॅन्जमध्ये (चकत्यांमध्ये) फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून चारी बाजूंनी बघावं लागतं, चार इंची फ्लॅन्जला फरक चार थाउच्या (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत पाहिजे, म्हणजे 0.1 मिलिमीटर! यापेक्षा जास्त चुकलं की आधी थरथर, मग शाफ्टचं कटलेस बेअरिंग खाणार, गिअरबॉक्सचं सील जाणार, आणि तेव्हा पण रिव्ह्यू आमच्याच नावाने येणार.

त्यात तुमची रिगिंग (डोलकाठीला ताणून धरणाऱ्या वायर) पण नवीन. बॅकस्टे आणि फोरस्टे (डोलकाठीच्या मागची आणि पुढची वायर) ताणले की बोटीची दोन्ही टोकं वर खेचली जातात, त्यानेसुद्धा इंजिनची लाइन हलते. म्हणून आधी रिगिंगचा ताण, मग अलाइनमेंट, हा क्रम उलटा करता येत नाही. आणि ताण आम्ही अंदाजाने देत नाही सर. 1 बाय 19 (एकोणीस तारा पिळलेल्या) वायरच्या दोन मीटर लांबीवर मोजपट्टी लावतो, ती लांबी 1 मिलिमीटर वाढली की वायर तुटायच्या वजनाच्या 5 टक्के ताण आला असा हिशोब, श्राउड (डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या वायर) 15 टक्क्यांवर नेल्या, दोन्ही बाजू सारख्या.

लक्ष्मीपूजनाला, म्हणजे अमावास्येला, दुपारी बाराच्या सुमाराच्या भरतीला बोट उतरवली. पाडव्याला रिगिंग. भाऊबीजेला अलाइनमेंट ठेवलेलं, कारण आमच्या काठाला ओहोटी लागली की किल चिखलात टेकते, पाच फूट पाणी लागतं तुमच्या बोटीला, आणि टेकलेल्या बोटीची लाइन घेऊन काय उपयोग? उजेडात भरती एकच, तिच्या अलीकडे-पलीकडे जे तीन-चार तास मिळतात तेवढंच काम, आणि भरती रोज पाऊण तासाने पुढे. आता हे लिहायचं नव्हतं पण आमची माणसं सुट्टीवर होती असं तुम्ही लिहिलंत म्हणून लिहितो. पाडव्याला संध्याकाळी पोरं काम आटपून गेल्यावर तुम्ही मित्रांना घेऊन बोटीवर आलात आणि फोटोत डोलकाठी मागे कललेली दिसते म्हणून बॅकस्टेचा टर्नबकल (वायर ताणायचा स्क्रू) स्पॅनरने सोडलात, तो फिरू नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन काढून. ती थोडी मागे कललेली असायलाच पाहिजे, डिझाइनच तसं आहे. भाऊबीजेच्या भरतीला आम्ही पुन्हा रिगिंग करत बसलो आणि अलाइनमेंट दुसऱ्या दिवशी गेलं. माझा माणूस त्या दिवशी ओवाळणीला घरी संध्याकाळी पोचला. बिल परत काढून बघा, रिगिंगचं लेबर एकदाच लावलंय, दुसऱ्यांदाचं नाही, आणि पाण्यातल्या दिवसांचं भाडं तर नाहीच.

मुळात बोट कोजागिरीच्या उधाणाला उतरायची होती. चेनप्लेट (वायर बोटीला अडकवायच्या स्टीलच्या पट्ट्या) काढल्यावर त्यांचा डेकच्या आतला भाग खाल्लेला निघाला. वरून चकाचक होत्या हे बरोबर, पण स्टेनलेस ओलसर बंद जागेत, जिथे हवा पोचत नाही तिथेच सडतं. फोटो त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवले, निळ्या टिका पण आल्या, तुमचा होकार आला तोवर पौर्णिमा होऊन गेली. भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) भरतीला तेवढं पाणी चढत नाही, मग पुढची अमावास्या, आणि ती निघाली ऐन दिवाळीत. यात कोणाला दोष देत नाही, तुमचेही कामाचे व्याप असतात, पण आम्ही अडकवली हे तरी लिहू नका.

यापुढे एस्टिमेटमध्येच पाण्यात किती दिवस लागतील ते लिहून द्यायचं ठरवलंय, अपडेट पण वेळेवर देत जाऊ, माणसं वाढवायचंही बघतोय, सीझनला मिळत नाहीत.

आणि ग्लँडचं. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडतात ती गळती नाही, त्याच पाण्याने पॅकिंग थंड राहतं, थेंब बंद करायला नट आवळलात तर पॅकिंग जळेल आणि शाफ्टला चर पडेल. इंजिन बंद असताना थेंब पडत असतील तर मात्र लगेच फोन करा, रविवार असला तरी. नवीन वायर पहिल्या काही फेऱ्यांत बसते, वाऱ्याच्या उलट्या बाजूची श्राउड ढिली लटकताना दिसली की बोट घेऊन या, परत ताणून देऊ, त्याचे पैसे नकोत. फक्त यायच्या आधी तिथी बघा, अष्टमीच्या आसपास आलात तर बाहेरच नांगर टाकून थांबावं लागेल. आणि कृपा करून टर्नबकलला हात लावू नका.