उणे तीसमधलं सोळा फुटी दार

अमेरिकेतल्या मिनेसोटात घर घेताना आपली माणसं शाळा बघतात, किचनचा एक्झॉस्ट खरंच बाहेर जातो का ते बघतात (फोडणी!), दार पूर्वेला आहे का हेही हळूच बघून घेतात. पण ते माणसांचं दार. घराच्या तोंडावर गॅरेजच्या दाराचं जे सोळा फूट रुंद नि सात फूट उंच धूड असतं, ज्यातून आपण रोज खरी ये-जा करतो, त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. आणि मग जानेवारी येतो.

आमचं जुनं दार म्हणजे नुसता एका थराचा पत्रा, बिल्डरने लावलेला. त्याच्या बरोबर डोक्यावर गेस्ट रूम. त्यामुळे हिवाळ्यात आलेले पाहुणे मोज्यांवर मोजे चढवून झोपायचे आणि ठरल्यापेक्षा लवकर निघायचे, आणि खरं सांगायचं तर याबद्दल घरात कोणाची फारशी तक्रार नव्हती. २०१९ च्या जानेवारीअखेर इथे उणे २८ फॅरनहाइट झालं होतं, म्हणजे सेल्सियसमध्ये उणे ३३, तेव्हासुद्धा आम्ही "चालतंय की" म्हणून ढकललं.

पण यंदा स्प्रिंग तुटली. हा आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना काय सांगू, घरात कोणीतरी सुतळी बॉम्ब लावलाय असंच वाटतं. दाराच्या वर आडव्या दांड्यावर ही पिळलेली स्प्रिंग असते, दाराचं वजन सगळं तीच पेलते, मोटर नुसती नावाला. साध्या स्प्रिंगचं आयुष्य दहा हजार उघडझापी, म्हणजे दिवसाला चार-पाच वेळा धरलं तर सहाएक वर्षं, आणि ती मोडायची ती नेमकी कडाक्याच्या थंडीतच मोडते कारण थंडीत पोलाद ठिसूळ होतं. गाडी आत, ऑफिस बाहेर, आणि मधलं दार दोघांनी मिळूनही उचललं जाईना. दुरुस्तीवाल्याने स्प्रिंग बदलली आणि जाता जाता म्हणाला, दार पण आता झालंच आहे तुमचं.

मग शोरूम सुरू. तिथे सगळं बोलणं एकाच आकड्यावर, आर-व्हॅल्यू, म्हणजे दार उष्णता किती अडवतं त्याचं माप, जितकं जास्त तितकं चांगलं. आर ९ घ्या, आर १२ घ्या, तुमच्या इथल्या थंडीत आर १८ शिवाय विचारच करू नका. आत काय भरलंय त्यावर हा आकडा ठरतो. स्वस्तातल्या दारात थर्माकोलच्या पाट्या सरकवलेल्या असतात, महागात दोन पत्र्यांच्या मध्ये पॉलियुरेथेनचा फोम फुगवून भरतात, तो पत्र्याला चिकटतो, दार कडकही होतं. "थर्माकोल?" बायको म्हणाली, "म्हणजे आपण मखराला वापरायचो ते? त्याच्यावर तिकडे २०१८ ला बंदी आली आणि इथे आपण त्याचं दार लावायचं?" फोमकडे मत झुकलं ते पर्यावरणामुळे नव्हे, मखरामुळे.

पण ती आकड्यांची बाई. तिने फोनवर कॅलक्युलेटर काढला आणि सेल्समनसमोरच मला म्हणाली, "अरे, आर ६ चं १२ केलं की बाहेर जाणारी उष्णता निम्मी होते ना, मग १२ चं १८ केल्यावर त्या उरलेल्या निम्म्यातली फक्त तिसरा हिस्सा वाचतेय आणि हा पैसे बघ किती जास्त सांगतोय." त्याच्यावर तिने त्याला विचारलं, हा आर १८ पूर्ण दाराचा की फक्त मधल्या भागाचा? तो जरा खोकला. मधल्या भागाचा. कडा, सांधे, खिडक्या धरल्या तर आकडा चांगलाच खाली येतो. थंडी काय फोमच्या मधोमध भोक पाडून येत नाही हो, ती फटीतून येते, पण फटींचा आकडा आम्हाला दाखवलेल्या कॅटलॉगात कुठेच छापलेला नव्हता.

खालच्या रबराचं तर विचारूच नका. टायरला चिकटलेला बर्फ आत वितळतो, ते मिठाचं पाणी उंबऱ्याशी साचतं, रात्रीत गोठतं आणि रबर जमिनीला घट्ट धरून ठेवतं. सकाळी बटण दाबलं की दार वर जातं, रबर तिथेच. म्हणून रबर थंडीत कडक न होणारं हवं, त्याला अधूनमधून सिलिकॉनचा स्प्रे. या रबरावर सेल्समनने अर्धं मिनिटही घालवलं नाही, रंगांवर मात्र पाऊण तास. आणि रंग तरी आमच्या हातात कुठे, सोसायटीच्या यादीत तीनच, तिन्ही बेज.

पत्र्याच्या जाडीवर मात्र मला कोणी गंडवू शकत नाही, सांगलीत बाबांचं हार्डवेअरचं दुकान होतं, गेजचा नंबर जितका कमी तितका पत्रा जाड हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. तरी व्हिडिओ कॉलवर बाबांना विचारलंच.

"अठ्ठावीस गेज? अरे, त्याचे डबे करतात. चोवीस घे."

चोवीस गेज, फोम, आर १३ च्या आसपासचं, बिनखिडकीचं, आणि वाचलेल्या पैशात चारी बाजूंच्या फटी नीट बंद करायच्या, असं ठरलं. नवं दार जड म्हणून स्प्रिंग परत बदलावी लागली, म्हणजे महिन्याभरापूर्वीची नवीकोरी स्प्रिंग भंगारात. त्यावर आम्ही घरात बोलत नाही.

बसवल्यावर बाबांना दाखवलं. वर, खाली, परत वर. दार खाली येताना मुलाने मध्ये पाय घातला, लगेच उलटं फिरलं (१९९३ पासून इथे प्रत्येक मोटरला ही सोय कायद्यानेच लागते). बाबा खूश. मग फोन जवळ घेऊन निरखून बघत म्हणाले, "कुलूप कुठं लावायचं?"

कुलूप नाही बाबा. आतून एक कडी असते, पण मोटर असेल तर ती लावायची नाही, चुकून लावून बटण दाबलं की मोटर ओढते आणि दारच वाकतं.

"सोळा फुटी दार, चोवीस गेज, आणि कुलूप नाही?"

शेजारच्या काकूंचा मुलगा डिसेंबरात इकडे येतोय. त्याच्याकडे सात लिव्हरचं पाठवतायत.