मांडीवरची वही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या आमच्या कारप्रवासाचा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि मोकळेपणाने लिहिलंत, याचा आनंद झाला. तुमचे आक्षेप दोन. मोबाइलमध्ये नकाशा असताना निघण्याआधी महिनाभर रस्त्याच्या टिपणांची वही भरत बसणं म्हणजे वेळ घालवणं. आणि आपण इंदूरकर मुंबई एका दिवसात गाठतो, तर वानाका ते फॉक्स ग्लेशियर या 260 किलोमीटरला अख्खा दिवस कशाला?

आधी किलोमीटरचं. सिमरोलवरून ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात एखाद्या ट्रकमागे तुम्हीही अडकला असाल. तिथे अंतरावरून वेळ कधी कळला आहे का? वानाकाहून पश्चिम किनाऱ्याला जाणारा स्टेट हायवे 6 म्हणजे जायला एक लेन, यायला एक, मध्ये दुभाजक नाही. मर्यादा 100 ची, पण वळणावळणाला पिवळ्या पाट्या 35, 45 सांगतात. त्यात एकेरी पूल. निळ्या पाटीवर आपल्या दिशेचा बाण मोठा, पांढरा असेल तर आधी आपण. गोल पाटीवर आपला बाण छोटा, लाल असेल तर थांबायचं. हास्ट नदीवरचा पूल तर सातशे मीटरहून लांब आणि एकेरीच, समोरच्याला वाट द्यायला मध्ये रुंद जागा ठेवल्या आहेत. नकाशा या दिवसाचे साडेतीन तासांच्या आसपास दाखवतो. त्यात ब्लू पूल्सला, म्हणजे नदीतल्या निळ्या डोहांपाशी, उतरणं नाही, धबधब्यापाशी थांबणं नाही, चहासुद्धा नाही. मग इतक्या लांब गेलो कशासाठी?

आता मोबाइलचं. फोनला आपली जागा उपग्रहांवरून कळते, त्याला रेंज लागत नाही हे खरं. पण त्या भागाचा नकाशा आधी उतरवून घेतलेला नसेल तर निळा ठिपका कोऱ्या पडद्यावर सरकत राहतो. आमचं नेमकं तेच झालं. मी क्वीन्सटाउनभोवतीचा चौकोन उतरवला होता, तो मकारोराच्या पुढे संपला आणि रेंज तर केव्हाच गेली होती. हे गाडी चालवत होते, वही माझ्या मांडीवर. पानावर होतं: "मकारोरा 63, पेट्रोल. मग हास्टपर्यंत 80, मध्ये काही नाही. हास्ट जंक्शन: उजवीकडे, लगेच लांब पूल. डावीकडे जॅक्सन बे, तिथे रस्ता संपतो." जंक्शन आलं तेव्हा पाऊस लागला होता. मी "उजवीकडे" म्हटलं, यांनी वळवली. गाडी कडेला घेऊन वाद घालायची वेळ आली नाही. त्या चार ओळींसाठी महिना गेला असेल तर तो मला जास्त वाटत नाही.

क्वीन्सटाउन ते वानाका आम्ही क्रॉमवेलवरून फेरा घेतला, त्यालाही तुम्ही नावं ठेवलीत. क्राउन रेंज या डोंगररांगेवरून जाणारा रस्ता चाळीस-पन्नास किलोमीटरने जवळचा, म्हणून नकाशा तोच सुचवतो. पण तो 1,076 मीटरवर चढतो आणि आम्ही सप्टेंबरात होतो, तिथला हिवाळा नुकताच सरलेला. पहाटे तिथे बर्फ असू शकतो. बर्फावर गाडी चालवायचा आम्हा दोघांनाही अनुभव नाही. पुन्हा गेलो तरी सप्टेंबरात मी क्रॉमवेलच निवडीन.

एका बाबतीत मात्र तुमचं अगदी बरोबर आहे. आज दरड पडली, रस्ता बंद झाला, हे वहीला कळत नाही. तिथल्या परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर रस्त्यांची ताजी स्थिती असते. आम्ही ती रोज सकाळी हॉटेलच्या वायफायवर बघत होतो, पण लेखात लिहायचं राहून गेलं. आजच ते वर जोडलं आहे.

तुम्ही डिसेंबरात मिलफर्ड साउंडला जाणार म्हणता. 'ते अनाऊ' या गावापासून ती खाडी सुमारे 120 किलोमीटर. टाकी त्या गावातच भरा, नकाशा तिथेच उतरवून घ्या. वाटेतला होमर बोगदा 1.2 किलोमीटरचा, उताराचा आहे. उन्हाळ्यात, म्हणजे तिकडे डिसेंबरातच, तिथे सिग्नलवर एकेका बाजूच्या गाड्या सोडतात, त्यामुळे बोटीच्या वेळेआधी चांगला तासभर हाताशी ठेवा. वहिनी शेजारी बसणार असतील तर आमच्या वहीच्या त्या पानांचे फोटो पाठवते. पेट्रोल पंप लाल शाईने केले आहेत.