वर्कग्रुपचं नाव बदलून राउटर सुरक्षित होत नाही

"राउटरमधला 'डोमेन नेम'चा रकाना रिकामा ठेवू नका. तिथं स्वतःच्या नावाचं डॉट कॉम किंवा डॉट लोकल टाका, नेट वेगवान होईल आणि कॅमेरा बाहेरूनही नावानं उघडेल. वर्कग्रुपला अवघड नाव द्या म्हणजे शेजारी शिरणार नाही. इंटरफेस ग्रुपिंगमध्ये प्रत्येक पोर्टचा वेगळा ग्रुप करा, स्पीड वाटला जाणार नाही. शेवटी राउटर रीसेट करा."

अशा आशयाचा निरोप शब्द बदलून फिरत असतो. यात राउटरमधल्या तीन वेगवेगळ्या सोयींची सरमिसळ झाली आहे. शेवटचं वाक्य पाळलं तर चालू असलेलं नेटही बंद पडू शकतं.

वेगाचा मुद्दा आधी निकालात काढू. लॅनच्या, म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या, पानावरच्या 'डोमेन नेम'चा लाइनच्या स्पीडशी संबंध नाही. लॅपटॉप नेटवर्कला जोडला की राउटर त्याला डीएचसीपीनं, म्हणजे पत्ते आपोआप वाटण्याच्या पद्धतीनं, आयपी पत्ता, गेटवे (बाहेर जाण्याचं दार) आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) देतो, आणि सोबत 'ऑप्शन १५' या क्रमांकाच्या नोंदीत हे नाव कळवतो. ही सोय १९९७च्या आरएफसी २१३२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात नोंदलेली आहे. लॅपटॉप हे नाव फक्त एकशब्दी नावांच्या शेपटाला जोडतो. ज्या नावात आधीच टिंब आहे, ते बहुतेक यंत्रणा आधी आहे तसंच विचारतात. म्हणजे रोजच्या साइट्स उघडताना हा रकाना वाटेत येतच नाही. विंडोजमधली एनएसलुकअप ही नावाचा पत्ता विचारणारी कमांड मात्र पूर्ण नावालाही शेपूट जोडून बघते. तिचं उत्तर पाहून लोक दचकतात आणि 'बघा, डीएनएस बिघडलाय' म्हणतात. नावाच्या शेवटी एक टिंब द्या, तो गोंधळ थांबतो.

मग डॉट कॉम टाकलं तर काय बिघडतं? इथं जरा थांबायला हवं, कारण निरोपातला सगळ्यात महागात पडू शकणारा सल्ला हाच आहे. समजा, तुम्ही रकान्यात कुठलंसं डॉट कॉम नाव भरलं आणि ते तुमच्या मालकीचं नाही. ब्राउझरमध्ये नुसतं 'प्रिंटर' टाकलं की लॅपटॉप त्याला ते शेपूट जोडून राउटरला पत्ता विचारतो. प्रिंटर चालू असेल आणि राउटरकडच्या लीजच्या, म्हणजे वाटलेल्या पत्त्यांच्या, यादीत असेल, तर १९२.१६८.१.२० असं काहीतरी उत्तर येतं आणि सगळं आलबेल वाटतं. प्रिंटर त्या यादीत नसेल, तर बरेच राउटर तो प्रश्न जसाच्या तसा बाहेरच्या डीएनएसकडे ढकलतात. त्या डॉट कॉमच्या खऱ्या मालकानं 'कुठलंही नाव विचारलं तरी माझा सर्व्हर दाखव' अशी नोंद केलेली असेल, तर तुमचा ब्राउझर थेट त्याच्या दारात. तुमच्याकडच्या उपकरणांची नावं त्याच्या लॉगमध्ये जातात ती वेगळीच. आणि त्या मालकाची खरी साइट तुम्हाला कधी बघायची असेल, तर काही राउटर त्या नावाचे सगळे प्रश्न स्वतःकडेच ठेवतात आणि 'असं काही नाही' म्हणून मोकळे होतात.

हे नुसतं तर्कट नाही. जर्मनीच्या एव्हीएम कंपनीच्या फ्रिट्झबॉक्स राउटरचं सेटिंगचं पान वर्षानुवर्षं 'फ्रिट्झ डॉट बॉक्स' या नावानं उघडत आलं आहे. पुढे 'डॉट बॉक्स' हे डॉट कॉमसारखं खरंखुरं टॉप-लेव्हल डोमेन झालं आणि जानेवारी २०२४ मध्ये भलत्याच कुणीतरी फ्रिट्झ डॉट बॉक्स नोंदवून टाकलं. राउटरचाच डीएनएस वापरणाऱ्यांना काही जाणवलं नाही. ज्यांनी फोनवर किंवा लॅपटॉपवर दुसरा डीएनएस बसवला होता, त्यांना तेच नाव अनोळखी साइटवर नेऊ शकत होतं, आणि तिथं लोक सवयीनं राउटरचा पासवर्ड टाकायला जातात. कंपनीला वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे तक्रार करून ते नाव मिळवावं लागलं. राउटर बनवणाऱ्यांची ही गत, तर आपण रकान्यात मनाला येईल ते नाव का भरावं?

डॉट लोकलची गोष्ट निराळी आहे. ते कुणी विकत घेऊ शकत नाही, पण ते आधीच दिलेलं आहे. फेब्रुवारी २०१३च्या आरएफसी ६७६२ नुसार डॉट लोकल हे मल्टिकास्ट डीएनएससाठी, म्हणजे घरातल्या उपकरणांनी एकमेकांना थेट नाव विचारण्यासाठी, राखीव आहे. अशा नावाचा प्रश्न राउटरला विचारायचा नसतो, तो २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर सगळ्यांना उद्देशून टाकला जातो आणि ज्याचं नाव आहे ते उपकरण स्वतःच उत्तर देतं. तुम्ही राउटरमध्येही डॉट लोकल भरलं की एका नावाला दोन उत्तरदाते होतात. मग एका लॅपटॉपवर प्रिंटर सापडतो, दुसऱ्यावर नाही, आणि कारण शोधता शोधता संध्याकाळ जाते. हा सल्ला कुठून आला असावा याचा अंदाज आहे. एकेकाळी मायक्रोसॉफ्टच्या छोट्या ऑफिससाठीच्या सर्व्हरमध्ये डॉट लोकल हीच ठरलेली निवड असायची.

रकाना भरायचाच असेल तर त्यासाठी राखून ठेवलेलं नाव आहे: 'होम डॉट अर्पा', अर्पा म्हणजे ए-आर-पी-ए. मे २०१८च्या आरएफसी ८३७५ नं ते नेमकं याच कामासाठी बाजूला काढलं. जुलै २०२४ मध्ये आयकॅन या इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेनं 'डॉट इंटर्नल'ही खासगी वापरासाठी राखून ठेवलं. यांपैकी काहीही चालेल. रिकामा ठेवला तरी आभाळ कोसळत नाही.

बाहेरून कॅमेरा उघडण्याचं म्हणाल, तर हा रकाना घराच्या आतलाच आहे, बाहेरच्या जगाला तो दिसत नाही. त्यासाठी डायनॅमिक डीएनएस, म्हणजे बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सेवा, असतं, आणि तेही राउटरला बाहेरचा खरा पत्ता मिळाला असेल तरच उपयोगी. राउटरच्या वॅनचा, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूचा, पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या टप्प्यात दिसत असेल, तर इंटरनेट कंपनीनं अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवलेलं आहे. तिथं डायनॅमिक डीएनएस आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी घरातल्या उपकरणाकडे वळवणं) दोन्ही फोल. आणि खरा पत्ता असला तरी कॅमेऱ्याचा पोर्ट जगाला उघडा करू नका, व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित खासगी वाट, वापरा.

आता वर्कग्रुप. हा रकाना राउटरला यूएसबी ड्राइव्ह लावून फाइल शेअर करण्याच्या पानावर असतो. विंडोजच्या जुन्या काळात 'नेटवर्क नेबरहूड'मध्ये कॉम्प्युटर कुठल्या यादीत दिसावा, हे या नावावरून ठरायचं. नावाची १५ अक्षरांची मर्यादा त्याच काळातल्या नेटबायोस या नावं ओळखण्याच्या जुन्या पद्धतीतली. तो पासवर्ड नव्हे, कधीच नव्हता. पटत नसेल तर दोन कॉम्प्युटरना मुद्दाम वेगवेगळे वर्कग्रुप द्या आणि एकावरून दुसऱ्याचा आयपी दोन उलट्या तिरक्या रेघांनंतर टाका. शेअर उघडा असेल तर फोल्डर समोर येतात. शेजारी तुमच्या वाय-फायवर आलाच असेल, तर त्याला वर्कग्रुपचं नाव ठाऊक असण्याची गरजच नाही. त्याला थांबवतो तो वाय-फायचा आणि शेअरचा पासवर्ड.

'वर्कग्रुप सारखा नाही म्हणून कॉम्प्युटर दिसत नाही' ही तक्रारही बहुतेक वेळा चुकीच्या दाराशी जाते. ती जुनी यादी एसएमबीच्या, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअर करण्याच्या पद्धतीच्या, पहिल्या आवृत्तीच्या आधारानं चालायची. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या फाइल्स ओलीस धरणाऱ्या व्हायरसनं त्याच आवृत्तीतली फट वापरली, आणि त्याच वर्षीच्या विंडोज १०च्या १७०९ आवृत्तीपासून ती नव्या इन्स्टॉलेशनमध्ये आपोआप पूर्ण बसवली जात नाही. आज कॉम्प्युटर दिसत नसेल तर आधी नेटवर्क प्रोफाइल बघा. ते 'पब्लिक' असेल तर विंडोज स्वतःहून लपून राहतो. 'प्रायव्हेट' करा आणि नेटवर्क डिस्कव्हरी चालू आहे का ते पाहा. जुनी आवृत्ती पुन्हा चालू करा असंही कुणीतरी सुचवेल, त्याच्या नादी लागू नका.

खरं कुंपण इंटरफेस ग्रुपिंगमध्ये आहे, पण तेही स्पीडसाठी नाही. इथं तुम्ही अमुक लॅन पोर्ट आणि अमुक वाय-फाय नाव यांचा वेगळा गट करून तो एखाद्या वॅन जोडणीला बांधता. टीव्हीचा बॉक्स वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच तारेवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कवर, चालत असेल तर ही सोय लागतेच. प्रत्येक पोर्टचा गट करून लाइन मोठी होत नाही. उलट नव्या गटाला वॅन जोडणी दिली नसेल तर त्या पोर्टवर नेट येत नाही, आणि सगळेच पोर्ट हलवून बसलात तर राउटरचं पानही उघडेनासं होतं. एक पोर्ट मूळ गटात राहू द्या. कॅमेरे आणि दिवे वेगळे काढायचे असतील तर साधं गेस्ट नेटवर्क पुरतं. मात्र प्रिंटर तिकडे टाकलात, तर वर सांगितलेला मल्टिकास्टचा प्रश्न गट ओलांडून जात नाही आणि फोनला प्रिंटर सापडत नाही. गट खरोखर वेगळे झाले का, हे एकातून दुसऱ्यातल्या उपकरणाला पिंग करून, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते बघून, तपासा. सगळे राउटर इथं सारखे वागत नाहीत.

राहिलं रीसेट. रीस्टार्ट आणि रीसेट यांत निरोप लिहिणाऱ्यानं गल्लत केली आहे. मागच्या भोकात पिन दाबून धरली की राउटर कारखान्यातून आला तसा होतो. तुमचं पीपीपीओईचं, म्हणजे इंटरनेट कंपनीकडे लॉगिन करायचं, युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅनचा क्रमांक सगळं पुसलं जातं, आणि ते कागदावर नसेल तर कंपनीला फोन लावत बसावं लागतं. डोमेन नेम बदलल्यावर यातलं काहीच लागत नाही. सेव्ह करा आणि लॅपटॉपचं वाय-फाय एकदा बंद-चालू करा. तो नव्यानं लीज मागतो आणि नवं नाव विंडोजमधल्या 'आयपीकॉन्फिग /ऑल' या कमांडमध्ये दिसू लागतं.