डीडब्ल्यूजीवर डिजिटल सही केली म्हणजे ड्रॉइंग ‘लॉक’ झालं?

ऑटोकॅड या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरची डीडब्ल्यूजी फाइल बाहेर पाठवणाऱ्यांमध्ये एक सल्ला वारंवार फिरतो: ‘डीडब्ल्यूजीला डिजिटल सही जोडा. फाइल लॉक होते. कुणाला बदल करता येत नाही. एक सही अख्ख्या सेटला पुरते. सही तुटली तर समजा छेडछाड झाली.’ सही जोडा, इथपर्यंत ठीक. पुढची चारही विधानं चुकीची आहेत, आणि तिसरं सगळ्यांत महागात पडतं.

‘फाइल लॉक होते.’

सही करताना फाइलच्या बाइट्सचा हॅश (त्यांच्यावरून गणिताने काढलेला छोटा ठसा) काढतात आणि त्यावर तुमच्या खाजगी कीने (फक्त तुमच्याकडे असलेल्या गुप्त डिजिटल किल्लीने) सही होते. ड्रॉइंग जसं होतं तसंच उघडं राहतं. ज्याच्याकडे ऑटोकॅड आहे तो ते उघडेल, हवं ते उचलून दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये पेस्ट करेल, डब्ल्यूब्लॉक मारेल, म्हणजे निवडलेला भाग वेगळ्या फाइलमध्ये काढेल. हा गैरसमज बहुधा जुन्या आवृत्त्यांतून आला असावा. तिथे पासवर्ड आणि डिजिटल सही एकाच डायलॉगमध्ये शेजारी-शेजारी होते. ऑटोकॅड २०१६ पासून पासवर्ड लावायची सोय काढली, सही तेवढी राहिली. गुप्तता हवी असेल तर एईएस-२५६ या पद्धतीने एन्क्रिप्ट केलेली झिप करा आणि तिचा पासवर्ड वेगळ्या मार्गाने कळवा. त्याहून बरं म्हणजे, गरज नसेल तर डीडब्ल्यूजी देऊच नका.

‘कुणाला बदल करता येत नाही.’

येतो. ऑटोकॅड इशारा देतं, पण त्याला न जुमानता सेव्ह केलं की सही निघून जाते. मागे उरते एक साधी, बिनसहीची डीडब्ल्यूजी, जी उघडताना कसलीही कुरकुर करत नाही. ‘इथे सही असायला हवी होती’ हे फाइल सांगत नाही, ते घेणाऱ्याला आधीच माहीत असावं लागतं. म्हणून ट्रान्समिटलवर (पाठवलेल्या फाइलींच्या यादीवर) प्रत्येक फाइलसमोर रिव्हिजन (आवृत्ती क्रमांक), सही करणाऱ्याचं नाव आणि सर्टिफिकेटचा (सही कुणाची ते सांगणाऱ्या डिजिटल दाखल्याचा) थंबप्रिंट, म्हणजे त्याचा ओळख-हॅश, लिहा.

थंबप्रिंट का? कारण स्वतःच बनवलेल्या सर्टिफिकेटवर कुणीही कुणाचंही नाव टाकू शकतो. जुनी सही काढून त्याच नावाने नवी जोडणं फार कठीण नाही. उघडलेल्या ड्रॉइंगवर ‘सिगव्हॅलिडेट’ कमांड द्या आणि सर्टिफिकेट कुणी जारी केलं ते बघा, नुसतं नाव वाचून थांबू नका. ‘सिगवॉर्न’ या सेटिंगचं मूल्य १ ठेवा. ते ० केलं की वैध सहीची माहिती उघडताना समोर येत नाही, आणि मग सही नसल्याचंही लक्षात येत नाही.

(टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे शीटवरच्या माहितीच्या चौकटीत, चिकटवलेलं स्कॅन केलेल्या सहीचं चित्र ही डिजिटल सही नव्हेच. ते कॉपी-पेस्टने कुठल्याही शीटवर जातं.)

‘एक सही अख्ख्या सेटला पुरते.’

एक्सरेफ म्हणजे बाहेरून जोडलेलं दुसरं ड्रॉइंग. ज्याला ते जोडलंय त्या होस्ट ड्रॉइंगमध्ये त्याचा फक्त पत्ता असतो, रेषा नसतात. कॉलमचा ग्रिड एक्सरेफमध्ये असेल आणि तो कुणी ५० मिमी सरकवला, तरी होस्टची सही वैधच राहते. जोडलेल्या प्रतिमा, एसएचएक्स (ऑटोकॅडचे) फॉन्ट, सीटीबी (छपाईतल्या रेषा-रंगांची फाइल) यांचंही तेच.

मग प्रत्येक एक्सरेफवर वेगळी सही केली तर? निम्मंच काम होतं. त्याच नावाची, मागच्या रिव्हिजनची, रीतसर सही असलेली फाइल त्या फोल्डरमध्ये येऊन बसली तर सगळ्या सह्या वैध आणि ड्रॉइंग मात्र चूक. म्हणून अंतिम सेटसाठी एक्सरेफ बाइंड करून (होस्टमध्येच सामावून घेऊन) मग सही करणं जास्त भरवशाचं. बाइंड शक्य नसेल तर सगळ्या फाइलींच्या एसएचए-२५६ हॅशची यादी करा (विंडोजमधलं सर्टयूटिल पुरतं) आणि त्या यादीचीच सही केलेली पीडीएफ सोबत द्या.

क्रमही सांभाळा. ई-ट्रान्समिटमध्ये (ड्रॉइंग आणि त्याला जोडलेल्या फाइली एकत्र बांधणाऱ्या कमांडमध्ये) पर्ज (न वापरलेलं काढून टाकणं), बाइंड किंवा जुन्या फॉरमॅटमध्ये सेव्ह असे पर्याय निवडले की फाइल नव्याने लिहिली जाते, म्हणजे आधीची सही वाया. आधी ई-ट्रान्समिट करा आणि पॅकेज झिपऐवजी फोल्डर ठेवा. मग त्या फोल्डरमधल्या प्रतींवर ‘अटॅच डिजिटल सिग्नेचर्स’ या वेगळ्या टूलने एकदम सह्या करा. झिप सगळ्यात शेवटी. एकच फाइल असेल तर ‘डिजिटलसाइन’ कमांड द्या, सर्टिफिकेट निवडा आणि फाइल सेव्ह करा, कारण सही सेव्हनंतर जोडली जाते. यादीत सर्टिफिकेट दिसतच नसेल तर ते खाजगी कीशिवाय आयात झालंय का, ते आधी तपासा.

‘सही तुटली म्हणजे छेडछाड.’

बहुतेक वेळा कुणीतरी झूम करून सवयीने कंट्रोल-एस दाबलेलं असतं. व्ह्यूसुद्धा फाइलमध्येच साठतो. ऑडिट, रिकव्हर (या फाइल दुरुस्तीच्या कमांड), फॉरमॅट बदल, डाउनलोड अर्धवट होणं, यांनीही सही जाते. नाव बदलल्याने मात्र जात नाही, कारण बाइट्स तेच राहतात. त्यामुळे फक्त फाइलनावात लिहिलेल्या ‘आर३’ला सहीचं कसलंच संरक्षण नाही. रिव्हिजन टायटल ब्लॉकमध्येही हवी. सही केलेल्या प्रती रीड-ओन्ली करून ठेवा आणि काम नेहमी वेगळ्या प्रतीवर करा.